कॉपी पकडणारे सर आणि पंधरा संगणक

परीक्षेच्या दिवसांत आमच्या कॉलेजातली मुलं सकाळी गेटवर दोन गोष्टी विचारत. पेपर कुणी काढलाय, आणि वर्गावर अर्थशास्त्राचे सर आहेत का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आहेत' असं आलं, की काही मुलं आधी मुतारीकडे जाऊन यायची. येताना त्यांचे खिसे हलके झालेले असायचे. पेपर सुटल्यावर शिपाई तिथून बादलीभर कागद काढायचा. "मॅडम, सर रजेवर असले की माझं काम निम्म्यावर येतं," असं त्याने मला एकदा सांगितलं. तक्रार नव्हती ती. नुसती माहिती दिली.

मी त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले १९९८ साली, तासिका तत्त्वावर. मंडणगडची मी. रत्नागिरीत एका निवृत्त तलाठ्यांच्या घरी मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. रुजू झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते शिकवण्याचं नव्हतंच, सुपरव्हिजनचं होतं, आणि तेही या सरांच्या जोडीने.

सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. किडकिडीत, पांढरा बुशशर्ट, पायात रबरी तळाचे बूट. पावस गावाच्या बाजूला त्यांचं घर आणि हापूसची कलमं. रोज एसटीने यायचे-जायचे. वर्गात ते कधी ओरडत नसत. मुलाच्या मागे जाऊन उभे राहत आणि खांद्यावरून हात पुढे करत, तळवा वर. बस. मुलगा आपण होऊन चिठ्ठी त्या तळव्यावर ठेवायचा. सर "आभारी आहे" म्हणायचे आणि त्याला बाहेर घेऊन जायचे. पुढचा कागदोपत्री भाग गैरप्रकार समितीपुढे. त्या समितीचे अध्यक्षही सरच.

जप्त केलेल्या चिठ्ठ्या ते फार लक्षपूर्वक वाचत. एकदा स्टाफरूममध्ये भिंगाखाली एक मायक्रो झेरॉक्स धरून म्हणाले, "तीन धडे एवढ्याशा कागदात बसवलेत. आणि महत्त्वाचं काही सुटलेलं नाही. मला हे जमलं नसतं."

मला पहिल्या तीन वर्षांत एकही मुलगा सापडला नाही. माझ्या वर्गाला मुलं 'आरामगृह' म्हणतात, हे मला उशिरा कळलं. सरांना ते आधीच ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही हात बघता. हात सगळ्यांचेच हलतात. मान बघायची. ज्याला लिहायचंय त्याची मान खाली असते. ज्याला सुपरवायझर कुठे आहे हे बघायचं असतं, त्याची वर."

मी मान बघायला लागले. तरी कुणी सापडेना. खरं सांगायचं तर सापडू नये असंच मला वाटायचं. पकडल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी सरांच्या मागे उभी राहून पाहिलं होतं.

२००२ च्या सुमारास कॉलेजला पंधरा संगणक मिळाले. जुन्या भूगोलाच्या खोलीत नवी फरशी बसली, पडदे लागले आणि दाराबाहेर चपला काढायची पाटी आली. काही दिवसांनी प्राचार्य पुण्यातल्या एका चर्चासत्राला जाऊन आले. येताना ते एक कल्पना घेऊन आले. विद्यापीठाची पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजनेच घ्यायची असते. तिच्यातला चाळीस मार्कांचा वस्तुनिष्ठ भाग संगणकावर घ्यायचा. प्रत्येक मुलापुढे वेगळे प्रश्न, वेगळ्या क्रमाने. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, चिठ्ठीत काय लिहून आणायचं ते कळणार नाही. कॉपी समूळ नष्ट. 'समूळ' हा शब्द त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये तीनदा उच्चारला.

संगणकाचा कोर्स केलेली मी एकटीच होते, त्यामुळे प्रोग्रॅम मी लिहायचा हे ठरल्यातच जमा होतं. विषय कोणता, हा प्रश्न उरला. सगळे टेबलाकडे बघायला लागले. मला वाटलं, अर्थशास्त्राचे सर आता विरोध करणार. इतकी वर्षं जे काम त्यांच्या हातात होतं, तेच जाणार होतं.

सर म्हणाले, "माझा विषय घ्या."

प्राचार्यांनाही हे अपेक्षित नसावं. "तुमची काही हरकत नाही ना, सर?"

"हरकत कसली? पकडावं लागणार नसेल तर बरंच आहे. मला पकडायचा कंटाळा आलाय."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत, म्हणून मग सगळे थांबले.

सरांनी दोनशे प्रश्न हाताने लिहून दिले. प्रत्येकाला चार पर्याय: अ, ब, क, ड. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी ते टाइप केले, मी ते प्रोग्रॅममध्ये घातले. दोनशेतून चाळीस प्रश्न संगणक आपल्या मनाने उचलायचा. शेवटी मार्क पडद्यावर यायचे. प्राचार्यांनी त्यात एक भर घालायला लावली. कुठले प्रश्न चुकले आणि त्यांची बरोबर उत्तरं काय, हेही मुलांना तिथल्या तिथे दिसलं पाहिजे. पारदर्शकता हवी, म्हणाले. पुण्यात तसं होतं.

मुलं होती दीडशेच्या वर आणि संगणक पंधरा, त्यातला एक नेमका परीक्षेच्या सकाळी बंद पडला. म्हणून तुकड्या पाडल्या आणि परीक्षा तीन दिवस चालवली. विजेचा भरवसा नव्हता, तेव्हा मंडपवाल्याकडून जनरेटर आणून व्हरांड्याखाली ठेवला. तो सुरू झाला की कॉलेजात कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटायचं. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे खरंच आत डोकावून गेले.

पहिला दिवस फारच छान गेला. मुलं अनवाणी, हात धुऊन आल्यासारखी बसली होती. कुणाची मान वर नाही. काहींनी माउस आयुष्यात पहिल्यांदा धरला होता, त्यामुळे सगळं लक्ष तो टेबलावरून खाली पडू नये याकडेच. सर मागे हात बांधून दोन फेऱ्या मारून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले.

"मॅडम, मी इथे काय करायचं?"

"काही नाही, सर. नुसतं थांबायचं."

ते थांबले. त्यांना ते जमत नव्हतं हे दिसत होतं. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीचे पडदे नीट केले.

पहिल्या दिवसाच्या तुकड्यांना सरासरी अठरा-एकोणीस मार्क पडले. वर्गात शिकवलेलं मुलांपर्यंत साधारण किती पोचतं, त्याच्याशी ते जुळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तुकड्यांना सव्वीस. दुपारच्या तुकड्यांना एकतीस. प्राचार्य येऊन म्हणाले, "बघा, मुलं रुळली." मी संख्याशास्त्राची बाई. इतक्या लवकर कुणी कशाला रुळत नाही हे मला समजायला हवं होतं. पण प्रोग्रॅम माझा होता आणि मला ते ऐकायला आवडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर एसटीतून उतरून थेट प्रयोगशाळेत आले. पिशवीही खाली ठेवली नाही.

"मॅडम, तुमचा संगणक मी आज बसमध्ये ऐकला."

"ऐकला?"

"पावसहून निघाल्यापासून भाट्याच्या पुलापर्यंत. मागच्या सीटवर मुलं बसली होती. एकजण प्रश्न म्हणतो, बाकीचे उत्तर म्हणतात. पाढे म्हणतात तसे. माझे दोनशेच्या दोनशे प्रश्न. शब्द न शब्द बरोबर. एका ठिकाणी मी स्वल्पविराम द्यायला विसरलो होतो, तिथे तेही थांबले नाहीत."

"तुम्हाला बघून गप्प बसले नाहीत?"

"मी पुढे बसलो होतो. आणि त्यांच्याकडे चिठ्ठी कुठे होती? नुसते बोलत होते. बोलण्याला मी हात कसा पुढे करणार?"

चौकशी केली तेव्हा कळलं की मुलांनी काम अगदी पद्धतशीर वाटून घेतलं होतं. पहिल्या तुकडीतल्या प्रत्येकाने आपले चाळीस प्रश्न आणि पडद्यावर दिसलेली उत्तरं बाहेर येऊन कॅंटीनमध्ये सांगायची. दुसऱ्या तुकडीने उरलेली भर घालायची. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोनशेतले बहुतेक प्रश्न गोळा झाले होते. काही राहिले होते ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यानंतर सगळी मुलं नुसती पाठांतराला बसली होती. ज्या मुलांनी वर्षभर वही आणली नव्हती, तीसुद्धा.

गैरप्रकार समितीची बैठक भरली. समितीत सर, मी आणि वाणिज्य विभागप्रमुख. विभागप्रमुखांनी विचारलं, केस कुणावर करायची? सर म्हणाले, पहिल्या दिवसाची मुलं सोडून सगळ्यांवर. विभागप्रमुख म्हणाले, मग कॉलेजात राहील कोण?

सर म्हणाले, "त्यांनी दोनशे प्रश्न पाठ केलेत. तेवीस वर्षांत माझ्या विषयाचा एवढा अभ्यास कुणी केला नव्हता. याला कॉपी म्हणायचं की अभ्यास, ते आधी ठरवा. मी ठरवू शकत नाही."

समितीनेही ठरवलं नाही. चहा पिऊन बैठक संपली.

हे एवढ्यावर मिटलं असतं. पण आठवड्याने एक मुलगी माझ्याकडे आली. निवळीच्या पुढच्या एका वाडीतली, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. शेवटच्या तुकडीत होती. तिला छत्तीस मार्क होते. त्या तुकडीच्या मानाने ते कमीच.

"मॅडम, एका प्रश्नाचा मार्क चुकून कापलाय."

"कुठल्या?"

"वस्तूची किंमत वाढली की मागणी काय होते. मी 'कमी होते' लिहिलं. संगणक म्हणतो चूक. बरोबर उत्तर 'वाढते'."

मी प्रोग्रॅम उघडून पाहिला. तिचं खरं होतं. कुठेतरी 'ब' च्या जागी 'अ' पडला होता. ही चूक हस्ताक्षराची, टायपिंगची की प्रोग्रॅमची, हे कधीच स्पष्ट झालं नाही. सर, टायपिस्ट बाई आणि मी, तिघांनीही ती आपापल्या मनात दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घातली आणि काम चालू ठेवलं.

मग मी त्या प्रश्नाची सगळी उत्तरं काढली. पहिल्या दिवशी ज्यांना हा प्रश्न आला, त्यांतल्या बहुतेकांनी 'कमी होते' असं बरोबर लिहिलं होतं, आणि संगणकाने ते चूक ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून एकजात सगळ्यांनी 'वाढते' लिहिलं होतं. पहिल्या वर्षाच्या वाणिज्य वर्गाचं किंमत वाढली की मागणी वाढते यावर एकमत झालं होतं. फक्त या मुलीचं नव्हतं.

मी तिला विचारलं, "बाकीचे काय सांगत होते ते तुझ्या कानावर आलं नव्हतं?"

"आलं होतं ना. आमच्या खोलीतच बसून पाठ करत होत्या सगळ्या."

"मग?"

"मग काय मॅडम? किंमत वाढल्यावर मागणी कशी वाढेल?"

मी उठून सरांकडे गेले.

सरांनी त्याच दिवशी नोटीस लावली. सदर प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करण्यात येत असून 'कमी होते' लिहिणाऱ्यांना एक मार्क देण्यात येईल, 'वाढते' लिहिणाऱ्यांचा काढून घेण्यात येईल. दुसऱ्या दिवशी मुलांचं शिष्टमंडळ आलं. म्हणणं असं, की परीक्षा संगणकाने घेतली आहे आणि संगणक चुकत नसतो, असं प्राचार्यांनी स्वतः प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं. सर म्हणाले, ठीक आहे, पण किंमत वाढली की मागणी वाढते असं तुमच्यापैकी कुणाला मनापासून वाटतं का? एक मुलगा उठला. गणपतीपुळ्याकडचा, घरी आंब्याचा व्यवसाय. म्हणाला, "हापूसच्या बाबतीत वाटतं, सर."

सरांची स्वतःची कलमं असल्यामुळे त्यांना क्षणभर विचार करावा लागला. मग म्हणाले, "हापूस अभ्यासक्रमात नाही."

मार्क कापले गेले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. त्यांनी मला विचारलं, प्रश्नाची भाषा तीच ठेवून आतले आकडे संगणक दर वेळी बदलू शकेल का? म्हणजे एकाला किंमत दहावरून बारा झाली, दुसऱ्याला पंधरावरून अठरा. उत्तर प्रत्येकाचं वेगळं. पाठ करायला काही उरणारच नाही, रीतच यायला हवी. मी म्हटलं, येईल. हे काम माझ्या विषयाच्याच आवाक्यातलं होतं, आणि ते त्यांना सुचलं याचं मला मनातून आश्चर्य वाटलं.

मे महिन्यात त्यांचे आंबे उतरत होते, त्यामुळे प्रश्नांचा पहिला गठ्ठा आणायला मीच पावसला त्यांच्या घरी गेले. सर बागेत होते. त्यांच्या पत्नी पडवीत पेट्यांमध्ये पेंढा भरत बसल्या होत्या. मला त्यांनी कोकमाचं सरबत दिलं आणि शेजारी बसवून घेतलं. रिकामं बसवत नाही, म्हणून मीही पेंढा भरायला लागले.

"त्या कॉम्प्युटरमुळे आता कुणाला पकडावं लागत नाही म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो. निदान तेवढा वेळ तरी."

"बरं झालं गो. आमच्या वेळेला असता तर किती बरं झालं असतं."

आमच्या वेळेला म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊनच सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा याच कॉलेजात होता. दुसऱ्या वर्षाला, अर्थशास्त्राच्याच पेपरला, सरांनीच त्याला पकडलं. त्याच्याही मागे जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. मुलाने चिठ्ठी दिली. घरी येईपर्यंत दोघे एकाच एसटीत होते, वेगवेगळ्या सीटवर.

"मी म्हटलं यांना, तुम्ही तेवढ्यापुरतं खिडकीतून बाहेर बघितलं असतंत तर? तर म्हणाले, मग त्याच्या शेजारच्या मुलाला मी कसा पकडणार होतो?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "दोन वर्षं परीक्षा बंद. तो मुंबईला गेला, गोदीतल्या एका क्लिअरिंग एजंटकडे लागला. बरं चाललंय त्याचं. आंब्यांना येतो, गणपतीला येतो. बापाशी बोलतो, नाही असं नाही. पेट्या किती झाल्या, टेम्पो कधी येणार, एवढंच."

स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक असणार. चार वर्षांत माझ्याजवळ कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी प्रश्नांचे कागद घेऊन परत आले. वाटेत बसमध्ये ते वाचायला काढले, पण वाचले नाहीत.

प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा सुट्टी अजून संपली नव्हती. तो तपासायचा तर कुणीतरी परीक्षा देऊन बघायला हवी होती आणि कॉलेज रिकामं. शिपायाने दिली, त्याला अकरा मार्क पडले आणि तो खूश झाला. ऑफिसच्या हेडक्लार्कांनी चष्मा विसरल्याचं सांगितलं. अशात एका दुपारी सर आले ते टेम्पोतून. शहरातल्या व्यापाऱ्याकडे पेट्या उतरवायच्या होत्या, वाटेत त्यांना कॉलेजला सोडायला त्यांचा मुलगा आला होता. तिशीचा असेल. त्याने टेम्पो गेटबाहेर उभा केला आणि तो तिथेच बॉनेटला टेकून राहिला. आत आला नाही. सर प्राचार्यांकडे सही घ्यायला गेले.

मी बाहेर गेले आणि म्हटलं, "तुम्हाला थोडा वेळ आहे का? मला एक माणूस हवाय."

"कशाला?"

"परीक्षेला बसायला."

तो हसला, पण तोंडभर नाही. "कशाची?"

"अर्थशास्त्राची. मार्क कुठे लागत नाहीत. तुम्हाला कळतील आणि मला कळतील. प्रोग्रॅम चालतो का तेवढंच बघायचंय."

त्याने एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा इमारतीकडे. मग दाराबाहेर चपला काढून आत आला. मी त्याला खिडकीजवळच्या संगणकावर बसवलं. सराईतासारखा माउस हातात घेतला त्याने, ऑफिसात रोजचं काम असणार. पहिला प्रश्न वाचला, टेबलावर बोटाने काहीतरी आकडेमोड केली आणि सोडवायला लागला. मान खाली.

सर सही घेऊन आले ते थेट दारात. आत मुलगा पाठमोरा बसला होता, आणि सर बरोबर त्याच्या मागे, पाच-सहा हातांवर. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि ते मागे फिरले. व्हरांड्यात जाऊन कठड्याला हात टेकून उभे राहिले, दाराकडे पाठ करून. समोर बघण्यासारखं काहीही नव्हतं, सायकल स्टँड आणि एक वाळलेला गुलमोहर. परीक्षा संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. एकदाही वळले नाहीत.

मुलगा उठला. पडद्यावर आकडा आला होता. तो त्याने नीट वाचला, मला मान हलवून दाखवली आणि बाहेर गेला. चपला घालता घालता म्हणाला,

"बाबा, एकतीस."

"कितीपैकी?"

"चाळीस."

सर अजूनही सायकल स्टँडकडेच बघत होते. "पेपर सोपा झालाय वाटतं," ते म्हणाले.

मुलगा टेम्पोकडे गेला. थोड्या अंतरावर गेल्यावर त्याचे खांदे हलताना मला दिसले. तो हसत होता की काय, ते मला पाठीवरून कळलं नाही. सर आत आले, खुर्ची ओढून बसले, खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "मॅडम, थोडा अवघड करायला हवा."

आम्ही तो अवघड केला.

पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाची परीक्षा या नव्या पद्धतीने झाली. पहिली तुकडी बाहेर आली, कॅंटीनमध्ये जमली आणि प्रश्न सांगायला लागली. दुसऱ्या तुकडीने ते पाठ केले आणि आत जाऊन पाहिलं तर आकडे वेगळे. दुपारपर्यंत कॅंटीनमधली गर्दी पांगली. बसमध्ये मागच्या सीटवर त्या दिवसांत पुन्हा सिनेमाच्या गप्पा सुरू झाल्या, असं सर म्हणाले. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, जनरेटर सुरू असताना, सरांना खुर्चीत डुलकी लागली. माझ्या पाहण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. मुलांनी एकमेकांना खुणेने दाखवलं. कुणी कॉपी केली नाही. करण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

निकाल लागला आणि वर्गातली अर्धी मुलं त्या भागात नापास झाली.

प्राचार्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते रागावले नव्हते, दुःखी होते. संस्थेचे चेअरमन आले होते, पालक येऊन गेले होते, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा निकाल आमच्यापेक्षा कितीतरी वर गेला होता.

"कॉपी थांबली, हे मान्य," प्राचार्य म्हणाले. "पण निकालही थांबला ना, सर."

"निकाल बरोबर आहे," सर म्हणाले. "आधीचे चुकीचे होते."

"असं चेअरमनना सांगू?"

"सांगा."

प्राचार्यांनी ते सांगितलं नाही. मधला मार्ग काढला. संगणकावरची परीक्षा चालू राहील, कारण त्यासाठी पडदे वगैरे घेतले होते. फक्त चाळीसऐवजी वीस मार्कांची होईल, आणि त्यातले दहा प्रश्न जुन्या दोनशेतून घ्यायचे. दुरुस्त केलेल्या दोनशेतून, असं मी म्हटलं. हो, दुरुस्त केलेल्या, म्हणाले.

मला फार लागलं ते. व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, सर, आपण इतकं केलं ते कशासाठी? ते म्हणाले, "दहा प्रश्न तर राहिले ना? त्या दहांत कळतं कुणाला येतं ते." आणि घड्याळ बघून बसस्टँडच्या दिशेने चालायला लागले. पाचची एसटी त्यांना कधी चुकवायची नसे.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. गैरप्रकार समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. पेपरच्या उरलेल्या ऐंशी मार्कांना मुलं पूर्वीसारखीच चिठ्ठ्या आणत होती, आणि शिपाई पूर्वीसारखीच बादली भरत होता. मी पहिला मुलगा पकडला तो त्याच वर्षी. मागे जाऊन उभी राहिले, पण हात पुढे केला नाही. "काढ ते," एवढंच म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की सगळा वर्ग वळून बघायला लागला, आणि त्या गडबडीत आणखी दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या गिळल्या.

निवळीकडच्या त्या मुलीने पुढे एम.कॉम. केलं आणि चिपळूणला एका बँकेत लागली. एकदा खातं उघडायला गेले होते तेव्हा भेटली. काउंटरच्या पलीकडून तिने मला चहा मागवला आणि व्याजाचा दर समजावून सांगितला. तो मला आधीपासून माहीत होता, पण मी पूर्ण ऐकून घेतला.